चौथा खांदेकरी

क्योनिग्सबर्गच्या पुस्तकबांधणी संघात यॉब्स्ट काल्वाइटइतका नीतिमान पुरुष दुसरा नव्हता, असे निदान काल्वाइटचे प्रामाणिक मत होते. विद्यापीठातील एका आचार्यांच्या ग्रंथांचे छापील फर्मे त्याच्याकडे शिवणीला येत. शिवता शिवता डोळ्यांखालून जाई तेवढे त्याचे तत्त्वज्ञान. त्यातून दोन सिद्धान्त त्याच्या अंतःकरणात खोल रुजले होते. जो नियम सर्वांना सारखा लागू होत नाही, तो नियमच नव्हे. आणि दयेने, भयाने वा लोभाने घडलेले कर्म कितीही गोड दिसो, निखळ कर्तव्यबुद्धीने घडले तेच सत्कर्म. हे तो गुत्त्यात उच्चरवाने सांगे. ऐकणारे बियर पीत.

ऐकणाऱ्यांत, सर्वांपासून दूर बसलेला, नाउयोकही असे. वेशीबाहेर मेलेली जनावरे ओढून त्यांची कातडी सोलणारा हा गृहस्थ. त्याला शिवलेल्या कारागिराला संघ बाहेर काढी. राजाज्ञेने हा विटाळ केव्हाच रद्द केला होता; पण राजा बर्लिनला असे आणि संघ गल्लीत. नाउयोकने सोललेले कातडे मात्र कमावणाऱ्याच्या कुंडातून निघाले की सोवळे होई, आणि काल्वाइट ते निःशंक मनाने प्रार्थनाग्रंथांवर चढवी.

ऐन हिवाळ्यातल्या एका सकाळी नाउयोक काल्वाइटच्या उंबऱ्यापासून चार हात लांब, टोपी काढून उभा राहिला.

"मालक, बायको गेली माझी. मी, भाऊ, मेव्हणा, असे तिघं आहोत. चौथा खांदा मिळत नाही. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, नियम सगळ्यांना सारखा, म्हणून आलो."

काल्वाइटच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तेथेच घात झाला. ही तर करुणा! करुणेपोटी खांदा दिला तर त्या कर्माचे मोल काय राहिले? "जरा थांब," असे म्हणून तो आत आला, बाकावर टेकला आणि अंतःकरण निर्विकार होण्याची वाट पाहू लागला. चुलीवर बांधणीचा सरस करपू लागला.

"अहो, बसलात काय?" त्याची पत्नी रेगिना म्हणाली. "तो माणूस थंडीत ताटकळतोय."

"माझा हेतू अजून शुद्ध होत नाही, रेगिना."

"हेतू कसला डोंबलाचा! संघाला घाबरलात, तसं सांगा की सरळ."

"भय आहेच. पण ते बाजूला सारलं की खाली दया लागते."

"आणि तिच्याखाली?"

काल्वाइटने निष्ठेने आत डोकावून पाहिले. "काल्वाइट बोलतो तसा वागतो, हे लोकांकडून ऐकायची हौस."

"मग तुमच्यात कामाचा काल्वाइट एकही नाही. संघानं काढलं तर खायचं काय, ही धास्ती मलाही आहे हो. पण ती बाई किती वेळ पडून राहील? टोपी घाला आणि जसे आहात तसे जा."

तो गेला. खांद्याशी कर्तव्य होते, करुणा होती की हौस, हे त्याला स्मशानापर्यंत कळले नाही. शवपेटी जड होती आणि वाट बर्फाने निसरडी.

रविवारी संघ जमला. मेजावर संघाची जुनी पेटी उघडी होती. ती उघडी असेतो कोणी खोटे बोलू नये, असा पूर्वापार दंडक. तिच्यावर हात ठेवूनच संघाचे प्रमुख श्टोब्बे, ज्यांना सारे 'वडील' म्हणत, म्हणाले, "काल्वाइट, म्हण, प्यायला होतास. दंडाचं एक पिंप बियर दे, विषय मिटला. आम्ही काय पीत नाही?"

काल्वाइटने पूर्वपक्ष-उत्तरपक्षासह भव्य भाषण बांधून आणले होते. त्यातले एक वाक्य आठवेल तर शपथ! संघाबाहेरच्याला कोणी फर्मा देणार नाही, हे मात्र लख्ख आठवत होते.

"शुद्धीवर होतो," तो म्हणाला.

"नीट विचार कर, गाढवा!"

"विचारच करत बसलो असतो, वडील, तर ती बाई अजून घरात असती."

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. श्टोब्बे हसले नाहीत. त्यांनी काल्वाइटचे नाव संघातून काढल्याचे सांगितले आणि पेटीचे झाकण लावले. सवयीने काल्वाइट लवून आभार मानून बसला. मग कशाचे आभार, हे ध्यानी येऊन कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

रेगिनाला हे सांगताना आपण किती धीरोदात्त दिसावे, याची जुळवाजुळव त्याने सभेच्या जिन्यावरच आरंभली. विसरलेले भाषण आता ओठांवर उमटू लागले. वाटेत तो स्वतःच्या वाणीवर इतका प्रसन्न झाला की घर मागे पडल्याचे त्याला पुढचा पूल आल्यावरच कळले, आणि उपाशी, बेरोजगार असा तो नीतिमान पुरुष बर्फातून पुन्हा मागे वळला.