वाफेच्या पाइपावरचा डबा

डबा घरी आला तेव्हा गरम होता. गिरणीतले काशिनाथ दारात उभे, आणि मी वेड्यासारखी डब्यालाच हात लावून बघत होते... कारण हे, म्हणजे माझे यजमान दिगंबर, गिरणीत कायम गारच जेवायचे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. महिना होऊन गेला, पण माझा पाय काही घरात ठरत नाही.

वाफ गार पडू नये म्हणून पाइपांना ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, गुंडाळून वर पत्रा चढवायचा, हे यांचं काम. त्याची बारीक कुसळं कपड्यांत शिरायची. ते कपडे मी वेगळे धुवायची आणि धुताना बडबडायची. नव्वदच्या सुमारास जालन्यातल्या त्या तेलगिरणीत बॉयलरपासून पार शेवटच्या टाकीपर्यंत पाइप टाकला. मालक म्हणाले, एक इंच जाडी पुरे. हे अडून बसले... दोन इंचच हवं, नाहीतर टाकीपर्यंत पोचता पोचता वाफेचं पाणी होईल. पत्राही जाड हवा, कारण माणसं त्यावर पाय देणारच. जेवतानासुद्धा यांची बोटं भाकरीची जाडी मोजायची! शेवटी मालकच थकले आणि दोन इंच झालं.

पहिल्याच थंडीत कामगारांनी पत्रा फाडला. डबे गरम करायला त्यांना उघडा पाइप हवा होता. हे भडकले, "पाणी शिरून राह्यलं आत! ओलं ग्लासवूल काय कामाचं?"

काशिनाथही ऐकेनात. "मंग भाकर काय थंडगार गिळावी का, साहेब?"

हे ठिगळ लावायचे, ते पुन्हा फाडायचे. थंडीभर हाच खेळ. मग एका सुट्टीच्या दिवशी यांनी तिथे कडीचं झाकण बसवलं, पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला उतरती कडा दिली. उघडा, डबे ठेवा, नंतर कडी लावा. स्वतःचा डबा मात्र कधी ठेवला नाही. "ती माझ्या कामातली फट आहे, तिच्यावर मी नाही जेवायचा," म्हणायचे. असा हट्टी माणूस! वर्षानुवर्षं मी यावरून भांडले. त्या शेवटच्या सकाळीही मी म्हणाले, "पाइपाला दोन इंच पांघरूण आणि स्वतःच्या पोटाला गार भाकर!" हे डबा उचलून गेले.

परवा काशिनाथ आले तेव्हा विचारलंच, त्या दिवशी डबा पाइपावर तुम्ही ठेवला होता का?

"न्हाई वहिनी. त्यांनीच ठेवला. म्हणले, आज घरचीचं ऐकून बघतो."

तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. ऐकलंत, पण केवढ्या उशिरा... ते झाकण मी अजून पाहिलेलं नाही. एकदा गिरणीत जाणार आहे. डबा पाइपावर ठेवीन, गरम झाला की तिथेच बसून जेवीन. निघताना कडी मात्र नीट लावीन. उघडी राहिली तर हे ओरडतील.