तिच्या घरी चालणार नाही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, ज्यांच्यासोबत भिंतींवर पत्रकं चिकटवली त्या मित्रमैत्रिणींजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय. का? ते मलाच धड कळलेलं नाही.

आधी एका वाक्याबद्दल बोलू द्या. ‘आमची काही हरकत नाही हो, पण त्यांच्या घरी चालणार नाही.’ ऐकलंय ना? सहलीतून एखादीचं नाव गाळताना, डबा पुढे न करताना, कामावर न घेताना — किती सोज्वळ चेहऱ्यानं येतं हे वाक्य! बोलणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, वर काळजी घेतल्याचं पुण्यही पदरात पडतं. आणि जिच्याबद्दल बोललं जातं तिला कुणी विचारलेलंच नसतं. तिच्या घराचं दार परस्पर, बाहेरून लावून घेतलेलं असतं. माझं डोकं सणकतं या वाक्यानं. मी त्यावर लिहिलंय, व्यासपीठावर बोललेय, टाळ्या घेतल्यात.

मी पत्रकांवर वाढले. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी आजोबा निजामाविरुद्धची पत्रकं धोतरात खोचून गावोगाव न्यायचे. वडील वाळूजला कारखान्यांच्या गेटवर युनियनची वाटायचे. आमच्या घरात गठ्ठे इतके, की पाहुणा पुष्कळदा गठ्ठ्यावरच बसे. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं. आणि मला चीड यायची, खरी यायची. ज्याला चीड येते तो सच्चा, असं मी धरून चालले होते. कुणी शिकवलं होतं मला हे? कुणीच नाही. मला सोयीचं होतं.

मग अशी मुलगी पोर्ट वाइनच्या नादाला कशी लागली? पोटासाठी. शहरात हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि उमेदवारीला वैजापूरच्या पुढे एका द्राक्षबागायतदाराकडे गेले. वडील म्हणाले, “वा! कामगाराची पोरगी आता शेठजींचे घोट मोजणार.” त्या बागायतदारांना सगळे काका म्हणायचे, आम्हीही. दुकानात पोर्ट म्हणून जी गोड लाल बाटली मिळते तिचा त्यांना भयंकर राग. “त्यो खोकल्याचा काढा हाय,” म्हणायचे. त्यांना खरी व्हिंटेज पोर्ट करायची होती, पोर्तुगालमध्ये करतात तशी. रस आंबत असताना मध्येच ब्रँडी घालून आंबणं थांबवायचं, म्हणजे द्राक्षाची साखर आत राहते. दोनएक वर्षं पिंपात, मग बाटलीत, आणि बाटली अंधारात आडवी — वीस वर्षं, तीस वर्षं. दर वर्षीची वाइन या मानाची नसते. ज्या वर्षी पीक तसं उतरेल, त्याच वर्षाची ठेवायची. कुठली टिकेल हे ती कोवळी असतानाच ओळखायचं असतं, आणि तीच खरी अडचण. चाखून सांगणारा एक माणूस काकांना कायमचा हवा होता. आम्ही दोघी उमेदवार होतो. मी आणि निकहत.

निकहत माझ्याच वर्गातली. तिचे वडील, सलीमचाचा, शहागंजच्या बाजूला सिरका, म्हणजे व्हिनेगर, करून विकतात — जांभळाचा, उसाचा, द्राक्षाचा. आंबण्याचे वास तिला लहानपणापासून घरचे. वाइन ती पीत नसे. नाकाशी धरायची, तोंडात फिरवायची, पिकदाणीत थुंकायची आणि खळखळून चूळ भरायची. ते तिचं तिनं ठरवलेलं होतं. शनिवारी आम्ही एसटीनं शहरात यायचो तेव्हा चाचा स्कूटर घेऊन स्टँडवर उभे असायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं:

“क्या बेटा, इस हफ्ते कित्ता थूके?”

“बाल्टी भरके, अब्बा.”

मग माझ्याकडे वळून, “हमारे घर में अंगूर रुकताच नहीं, सीधा सिरका बनता. ये लडकी बीच में ब्रेक मारना सीख री.” आणि स्वतःच हसायचे. एकदा मी त्यांना विचारलंही होतं, तुम्हाला चालतं का हे? त्यांनी किक मारता मारता सांगितलं, “वो उसका और अल्लाह का मामला है. मेरा काम छोडना और लाना.”

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

एक दिवस काकांनी टेबलावर ग्लास मांडले. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या. कुठली टिकेल ते सांगा, एवढंच. मी प्रत्येक ग्लास उजेडाकडे धरला, फिरवला, आणि त्यातल्या एकावर जीव टाकला. मऊ, गोड, घशाखाली कशी अलगद गेली! मी मोठं भाषण केलं — समतोल, परिपक्वता, भविष्य. निकहत मात्र एका काळ्याकुट्ट ग्लासाशी अडली होती. मी त्याला आधीच बाद केलं होतं. इतका तुरट, की जीभ टाळूला चिकटावी, वर आंबटपणाचा चटका. ती थुंकली, आणि चूळ न भरताच थांबली. बराच वेळ. तोंडातली चव कधी जाते ते बघत होती.

“ये अभी सबसे लड री, काका,” ती म्हणाली. “लडने दो. तुरट हाय, आंबट हाय, पण आत फळ केवढं हाय! ठहरेगी. वो मीठी वाली के पास मिठास के सिवा कुछ नहीं, अगले साल तक रो देगी.”

काकांनी कागद काढले. तिचा ग्लास त्यांनी पोर्तुगालहून मागवलेल्या चांगल्या वर्षाच्या, अजून कोवळ्या बाटलीचा. आणि माझा? माझं भविष्य, माझी परिपक्वता? गावातल्या दुकानातला खोकल्याचा काढा.

काका पोट धरून हसले. निकहतही हसली. मीही हसले. सगळ्या अन्यायांवर तुटून पडणारी मी, ग्लासात भांडखोर चव आली तर तिलाच नापास करून बसले होते आणि गुळचट गोडव्याला भुलले होते. त्या हसण्यात कुणाच्या मनात काळं नव्हतं. माझ्या मनात त्याच क्षणी आलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी मला बागेच्या बांधावर गाठलं. “पोरी, तू तोंडावर बोलणारी हायेस म्हून तुला इचारतो. निकहतला कायमचं घ्यावं म्हनतो. पर हे दारूचं काम. मी इचारलं आन् तिला अवघड वाटलं, तर? तुला काय वाटतं?”

भला माणूस. विचारायचं कसं, याची त्याला काळजी. आणि त्याच्यासमोर मी — तीन पिढ्यांच्या पत्रकांवर पोसलेली मी — चेहरा जरासा गंभीर केला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “तिच्या घरी चालणार नाही, काका. तुम्ही विचारूच नका. उगाच तिची पंचाईत होईल.”

तेच वाक्य. माझं वाक्य. कुठून आलं ते इतक्या तयारीनं? शोधावं लागलं नाही मला, जिभेवर ठेवल्यासारखं होतं. आणि ‘विचारूच नका’ — ते तर मी स्वतःहून जोडलं, पकडली जाऊ नये म्हणून.

काका म्हणाले, “व्हय, बरं केलंस सांगितलंस.” त्यांनी विचारलं नाही. जागा मला मिळाली.

हे इथं संपलं असतं तरी पुरे होतं. संपलं नाही. उमेदवारी संपल्यावर निकहतनं मला विचारलं, “काका कुछ बोले क्या मेरे बारे में? मेरेकू लगा था, रख लेंगे.” तेव्हा तरी बोलावं ना? मी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, “तुला माहीत आहे ना, ही माणसं कशी असतात.” तिनं ‘हो’ अशी मान हलवली. काकांनी तिला दर वेळी ताटातला पहिला आंबा दिला होता. तो माणूस एका वाक्यात मी तिच्या मनातून उतरवला.

आणि मग मला चीड आली. खोटी नाही, खरीखुरी! मी लेख लिहिला — गुणी मुस्लिम मुलीला दारातून परत पाठवणाऱ्या एका मालकावर. नाव नव्हतं. तो लेख गाजला, लोक मला ओळखू लागले. आज माझं जे काही नाव आहे, ते त्या लेखापासूनचं आहे. काकांनीही तो वाचला. पेपर घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “कोन गं ह्यो नीच मानूस? नाव छापायचं ना. आसल्याला उघडं पाडाया पायजे.”

मी म्हणाले, “कायद्याची भानगड होते, काका.”

वर्षभरात मी ती नोकरी सोडली. नाक नव्हतंच मला. काकांनी निवडीत चुका केल्या, माझ्या सांगण्यावरून. निकहत आता शेंद्र्याला एका कारखान्यात औषधांच्या गोळ्या तपासते. त्या कामाला वास नसतो.

मागच्या महिन्यात शहागंजवरून जात होते. चाचांनी हाक मारली, आत बसवलं, चहा मागवला. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याला सांगू लागले, “ये वो बच्ची. मेरी निकहत के वास्ते सेठ से लडी. पेपर में लिखी. अपनी नौकरी की परवा नहीं की.” गिऱ्हाईकानं मला हात जोडले. निघताना चाचांनी जांभळाच्या सिरक्याची बाटली कागदात गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत. मी ती घेतली, पिशवीत ठेवली आणि ‘येते चाचा’ म्हणून निघाले.

सेठ कुणी नव्हता. दारातून तिला परत पाठवणारी मी होते. काका निर्दोष होते आणि मी त्यांना, नाव न घेता का होईना, सबंध जिल्ह्यासमोर नीच ठरवलं, त्यांच्याच पगारावर.

हे छापून आलं की निकहत वाचेल. माझं लिहिलेलं ती सगळं वाचते.