कवडूचा पुकारा

नव्वदच्या दशकात देवळीत भोंगा म्हटला की कवडूच. सायकलरिक्षावर भोंगा बांधून तो बाजारभर फिरायचा. म्हैस हरवो, पोलिओचे डोस असोत की पटांगणात सिनेमा लागो, सुरुवात ठरलेली: "देवळीकर मायबाप, कान इकडे करा!" अहाहा, काय गळा होता! दुकानदार तोलता तोलता थांबायचे.

पोरगा रुपेश वर्ध्याला कॉम्प्युटर शिकला. २००३ साली त्यानं बसस्टँडसमोरच्या माडीवर 'जावा' या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास काढला आणि जाहिरातीची कॅसेट स्वतःच्याच आवाजात भरायचं ठरवलं.

"माह्या गळ्याले काय झालं रे?" कवडूनं विचारलं.

"बाबा, लोकायले आता नवीन पायजे."

झालं! ज्या गळ्यावर पोरगा शिकला, तोच आता नको झाला. कवडूला हे फार लागलं. त्यानं पोराशी बोलणंच टाकलं.

एक दिवस बायकोनं, तानाबाईनं, त्याला बळेच पोराचा डबा घेऊन धाडलं. माडीच्या दारात तो थबकला. फळ्यावर वर 'कवडू' लिहिलेलं, खाली 'रुपेश'.

रुपेश शिकवत होता, "जावात क्लास म्हंजे साचा. हा बापाचा क्लास. यातलं सगळं पोराच्या क्लासले आयतं भेटते, पुकारासुद्धा. पण पोरानं त्याच नावाचा पुकारा आपल्या परीनं लिहिला, का मंग पोराचाच चालते. याले म्हणतात ओव्हररायडिंग."

म्हणजे भर वर्गात आपल्याला खोडलं! कवडूचं डोकं सणकलं. तो मागं फिरणार, तेवढ्यात पौर्णिमा नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, मंग बापाचा पुकारा मिटला?"

"नाई ना! तो जसाच्या तसा राह्यते. पोराले वाटलं तं आधी बापाचा चालवते, मंग आपलं जोडते. हे पाहा."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिली ओळ उमटली: देवळीकर मायबाप, कान इकडे करा. तिच्याखाली क्लासची वेळ. ती ओळ रुपेशनं स्वतःच पुन्हा एकदा वाचली. मग त्याला दारातला बाप दिसला.

"बाबा, कॅसेट अजून भरली नाई," तो हळूच म्हणाला. "सुरुवात तुमच्याच आवाजात पायजे मले."

"करतो ना बे," कवडूनं डोळे पुसले. "आधी जेव."

पुढं क्लास बंद झाला, रुपेश पुण्याला नोकरीला गेला. भोंगा माळ्यावर चढला, कवडूचा गळाही बसला. पण दर रविवारी पुण्याहून फोन येतो. रुपेश आधी म्हणतो, "देवळीकर मायबाप, कान इकडे करा!" आणि मगच आपली खबर सांगतो.

कवडूला पहिल्या वेळीच स्पष्ट ऐकू येतं. तरी तो म्हणतो, "आवाज येऊन नाई राह्यला रे. पुन्हा म्हण."