चष्मा काढून पाहणाऱ्या कुंदाताई

पोस्टर तयार झालं की कुंदाताई ते भिंतीला टाचायच्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायच्या आणि चष्मा काढायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही धड ओळखू यायचा नाही. त्या धूसर नजरेला जेवढं दिसेल तेवढंच पोस्टर. बाकी सगळी, त्यांच्या भाषेत, ‘गर्दी’. रामदासपेठेतल्या आमच्या डिझाइनच्या ऑफिसात मी नवा लागलो, तेव्हा माझं पहिलंच काम त्यांनी असं पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे गा. फक्त काय विकून राहिले ते नाही दिसून राहिलं."

गिऱ्हाइकांशी त्यांचं रोजचं भांडण. एका क्लासवाल्याला पोस्टरवर सगळे शिक्षक हवे होते, सगळी मुलं हवी होती, शिवाय स्वतःचा फोटो सगळ्यांत मोठा. "मॅडम, एवढी जागा खाली काहून सोडली?" तो हळहळला. "अक्षराले बी बसाले जागा लागते, भाऊ," कुंदाताई म्हणाल्या. "रस्त्यानं जाणाऱ्याले एकच गोष्ट सांगा. धा सांगसान तर एकही नाही ऐकत तो." तो कुरकुरत गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडेच आला. मला हा ठामपणा फार आवडायचा. कधी कधी रागही यायचा, कारण माझ्या लाडक्या नक्षीवर त्यांची कात्री आधी चालायची.

त्यांचे यजमान वामनराव निवृत्त शिक्षक. अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं होतं. एका सकाळी कुंदाताई आंघोळीला गेल्या आणि वामनराव फाटक उघडून निघून गेले. पोलिसांत कळवून झालं, नातलग धावले, दुपार झाली तरी पत्ता नाही. बाहेर नागपूरचं मे महिन्यातलं ऊन. कुंदाताई ऑफिसात आल्या आणि थेट संगणकापुढे बसल्या.

त्यांनी केलेलं पोस्टर मी पाहिलं. फोटो मुलीच्या लग्नातला: फेटा, सूट, भरलेले गाल. खाली मजकूरच मजकूर. गणित उत्तम शिकवायचे, चहा गोड लागतो, अनोळखी माणसालाही नमस्कार करतात, बरं नसलं तरी बरं आहे म्हणतात. एवढ्याशा कागदावर त्यांना अख्खा नवरा बसवायचा होता.

मी कागद भिंतीला टाचला. "ताई, चष्मा काढा."

त्यांनी काढला. पाहत राहिल्या. "काहीच नाही दिसून राहिलं गा," म्हणाल्या.

त्यांच्या मोबाइलमध्ये त्याच आठवड्यातला एक फोटो होता: दाढी वाढलेली, गाल बसलेले, अंगात बनियन. "असे लावू त्यांले चौकाचौकात? इस्त्रीच्या शर्टाबिगर कधी बाहेर नाही पडले ते." त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनीच तो फोटो ओढून कागदभर केला. "राहू दे. आज असेच दिसतात ते." वर ‘यांना पाहिलंत का?’, खाली फोन नंबर. बाकीच्या ओळी त्या एकेक करून पुसत गेल्या. एक मात्र बारीक अक्षरात ठेवली: ‘कृपया रागावू नका. ते घाबरतात.’

"ही दुरून दिसणार नाही," मी म्हणालो.

"दुरून नाहीच वाचाची ती. जवळ जाईल त्याच्यासाठी आहे."

प्रती घेऊन आम्ही सगळे शहरभर पांगलो. संध्याकाळी शहराच्या टोकाच्या वाडी भागातून फोन आला. तिथल्या गोदामांपाशी एका बाईंची चहाची टपरी होती. आम्ही पोचलो तर त्या कुंदाताईंचा हात धरून म्हणाल्या, "दुपारी मीच हाकललं वं ह्या बाबाले. उगाच बसून राहिले म्हणून वरडली. मंग तुमचा कागद लागला भिंतीवर. ते खालचं वाचलं अन् जीवच गेला माहा. ट्रकामागून शोधून आणलं, पाणी पाजलं."

वामनराव बाकावर बसले होते. हातात चहाचा ग्लास, समोरच्या भिंतीवर स्वतःचंच पोस्टर. कुंदाताईंना पाहून त्यांनी, कुणाही अनोळखी माणसाला करायचे तसा, नमस्कार केला. मग पोस्टरकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "ह्या माणसाले कोणीतरी शोधून राहिलं वाटते."

"हो जी," कुंदाताई म्हणाल्या. "मीच शोधून राहिली."

वामनरावांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग ते बाकावर थोडे सरकले आणि त्यांना बसायला जागा करून दिली.