साडूभाऊंचं गणित आणि माझं निळं पाणी

माझ्या साडूंइतका छळवादी गुणी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आम्ही एकाच घरचे जावई, दोघेही संगणकवाले. पण देवळ्याला सासुरवाडीत त्यांचा सल्ला घेत आणि मला आणखी एक पोळी वाढत. हे गृहस्थ हॉटेलात गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावत. शर्ट घेताना तो उलटा करून शिवण बघत. रंग कोणता, हे घरी गेल्यावर बायको सांगे. मुलगी बघायला आले तेव्हाही त्यांनी पत्रिका बाजूला ठेवून घरात पाणी कुठून येतं ते विचारलं होतं, आणि सासूबाई त्याचंसुद्धा कौतुक करायच्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठच्या कुठल्या गल्लीत कधी शिरेल, हे पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम एका इंजिनिअरसाहेबांना हवा होता. काम आम्हा दोघांकडे आलं. मी म्हटलं, "सगळा प्रोग्रॅम जावा भाषेत करू. पाणी कसं उसळताना दिसलं पाहिजे."

"साडूभाऊ, गणित आणि चित्र एका चुलीवर नको," ते म्हणाले. "गणित जड आहे, ते मागे सर्व्हरवर, सी प्लस प्लसमध्ये. पुढे ब्राउझरमध्ये साधा नकाशा. त्यांच्या ऑफिसातलं मशीन बघितलंत का?"

ते बघून आले होते. अख्खी दुपार त्या म्हाताऱ्या मशीनसमोर बसून. ह्याचाच मला राग आला. शेवटी दोघांनी त्याच मशीनवर आपापलं करून दाखवायचं ठरलं.

माझं निळं पाणी पडद्यावर आलं, वर फेससुद्धा होता. साहेब खुर्चीतून उठले. "आता विसर्ग वाढवा," म्हणाले. मी आकडा बदलला आणि मशीन बसलं. चहा येऊन संपला, तरी पाणी घाटाची पायरी सोडेना. मग साडूंचा नकाशा लागला. आकडा बदलला की एक मळकट डाग मुकाट्याने गल्ल्यांमध्ये पसरत जायचा. साहेबांनी एका गल्लीवर बोट ठेवलं. "इथं माझी बहीण राहते. पाणी कधी येईल?"

"पहाटेपर्यंत," साडू म्हणाले. फेसाचं नाव कुणी काढलं नाही.

परतताना मी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसलो होतो, जळत. सिग्नलला ते म्हणाले, "माझा डाग बुरशीसारखा दिसतो हो. साहेब उठले ते तुमच्या पाण्याला. पुढची बाजू तुम्ही करा." ही दया असती तर मला भांडता आलं असतं. पण खोटं गोड बोलणं त्यांना जमत नसे. मी त्यांच्या नकाशाला माझा निळा रंग दिला, फेस मात्र काढला. पुढच्या पावसाळ्यात पाणी सोडायच्या आदल्या संध्याकाळीच ती गल्ली रिकामी झाली. आभाराचा फोन अर्थात साडूंना आला.

पुढे ते बंगळूरला गेले. इथे माझ्या कामाची आता वाहवा होते, आणि ती मला गिळवत नाही. परवा एक मोठा नकाशा पुरा झाला, तसा मीच त्यांना फोन लावला. "मागे काय वापरलंत?" त्यांनी एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी त्याहून सोपी वाट सुचवली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात ती जुनी आग पेटली, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.