बोटांनी वाचायचा फासा

भाऊजी गेले असा सापगावहून फोन आला, तेव्हा मी मुरबाडच्या घरी मोड आलेले वाल सोलत बसले होते. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘बरं झालं.’ पलीकडून शेजारी म्हणाला, ‘हो ना वैनी, सुटले. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली नि संपलंच. हाल नाय झाले.’ मी त्या अर्थानं म्हटलं, असं त्याला वाटलं. मी त्या अर्थानं म्हटलं नव्हतं. जो माणूस तीन वर्षं माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि ज्यानं माझं नाव घालवून मला चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, तो माणूस गेला होता. मी वालांची परात बाजूला सारली आणि यांना हाक मारली. भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, दिगंबर सुतार. यांनी ऐकलं आणि ते खाली बसले. मी उभीच होते. रडू वगैरे काही आलं नाही. तेव्हा नाही आलं.

आता महिना उलटला आहे. लोक येतात, ‘किती जिद्दीचा माणूस’ म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. जिद्दीचा कसला? हेकट, तोंडाळ आणि दीर्घद्वेषी. शहापूर तालुक्यात त्यांच्यासारखी चौकट करणारा सुतार नव्हता, हे मी मान्य करते. पण गिऱ्हाइकानं ‘जरा लवकर करा’ म्हटलं तर तयार दार परत न्यायचे. लग्न केलं नाही ते बरंच केलं, एक बाई वाचली. चाळिशीत काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. त्यानंतर तीन महिने हा माणूस ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसला. जेवण नेलं की ताट ढकलायचे. तेव्हा आम्ही सापगावला एकाच घरात राहायचो. मी वैशाखऱ्याच्या शाळेत शिकवायची, येऊन-जाऊन जीव जायचा, आणि घरी आल्यावर ही पाठ बघायची… शेवटी यांनी लुडो आणला. सुताराचा हात तो, आठवड्यात भाऊजींनी चाचपडत स्वतःचा लाकडी पट केला. प्रत्येक घराला भोक, प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी, म्हणजे हात फिरवला की कोणाचं काय कुठं आहे ते कळावं. फासा मात्र बाजारचा होता, प्लास्टिकचा. त्याला बोट लावलं की तो उलटायचा, आणि रंधा मारून घट्टे पडलेल्या बोटांना त्याचे बारके खळगे लागायचेच नाहीत. म्हणून ते टाकायचे आणि विचारायचे, ‘किती पडले, वैनी?’

पहिल्या दिवशी दोन पडले होते. त्यांची एकही सोंगटी बाहेर निघाली नव्हती आणि ते उठायच्या बेतात होते. मी म्हटलं, ‘सहा.’

ते हसले. तीन महिन्यांनी त्या घरात कोणीतरी हसलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग काय, मला चटकच लागली. रोज नाही, दर डावाला नाही, पण अडलं की मी सहा द्यायची, कुणाची सोंगटी मारायला तीन हवे असले की तीन द्यायची. दहा वर्षं! वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणून दटावणारी बाई संध्याकाळी ओटीवर बसून बिनदिक्कत थापा मारायची. आणि हे गृहस्थ गावभर सांगत फिरायचे, ‘आपल्या हाताला यश हाय. लुडोत मला हरवून दाखवा.’ मला त्याचा किती आनंद व्हायचा, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मग स्वप्नाली आली. म्हणजे आधी फोनवर आली. कल्याणच्या एका बँकेत नोकरी करणारी, जन्मापासून न दिसणारी मुलगी. अंधांच्या एका ग्रुपवर दोघांची ओळख झाली. तिचं मित्रमंडळ गोष्टी रचून खेळायचे खेळ खेळतं, त्यात लढाया असतात, राक्षस असतात, आणि कोण जगलं कोण मेलं ते फाशावर ठरतं. तिची तक्रार तीच, फासा वाचायला दुसरं कोणीतरी लागतं. भाऊजी म्हणाले, ‘थांब गो, मी करतो.’ शिसवीचा मोठा ठोकळा घेतला, कडा बोथट केल्या नाहीत, खाली ताटात घोंगडीचा तुकडा घातला, म्हणजे बोट लागून फासा हलायला नको. आकड्यांसाठी पितळी चुका, म्हणजे बारके खिळे, मारल्या. पण सहाच्या बाजूला सहा चुका म्हटल्यावर ती बाजू जड, ती खाली बसणार आणि वर सारखा एकच येणार. म्हणून त्यांनी सहाही बाजूंना सहा-सहा चुका मारल्या. जितका आकडा तितक्या वर ठेवल्या, बाकीच्या लाकडात बुडवल्या. वजन सगळीकडे सारखं. अक्कल होती हो माणसाला, ते मी कधी नाकारलं नाही.

त्या फाशानं आम्ही खेळायला बसलो आणि भाऊजी हरले. दुसऱ्या दिवशी हरले. आठवडाभर हरले. त्यांना वाटलं फासा चुकला. सकाळपासून ओटीवर ठक्क ठक्क सुरू, समोर सहा वाट्या, जो आकडा पडेल त्या वाटीत एक चिंचोका. चार दिवस हे चाललं. सहाही वाट्या जवळजवळ सारख्या भरल्या. मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

‘वैनी, फासा खोटा नाय.’

‘बरं मग?’

‘मग दहा वर्षं खोटं कोण होतं?’

मी खोटं बोलू शकले असते. सवय होतीच. पण तवा तापलेला, हात पिठाचे, आणि माझंही डोकं तापलं. ‘मग काय भिंतीकडे बघत मरू द्यायचं होतं तुम्हाला?’ म्हटलं.

‘डोळे गेले ते गेले,’ ते म्हणाले. ‘निदान हार तरी माझी होती. ती पन तुमी घेतलीत.’

पुढच्याच महिन्यात आम्ही मुरबाडला राहायला आलो. बदली, मुलाची नोकरी, कारणं पुष्कळ सांगितली. त्यानंतर स्वप्नालीनं फासे जास्त संख्येनं बनवायला इंटरनेटवर लोकवर्गणी काढली, क्राउडफंडिंग म्हणतात ते. काळा चष्मा, रडकं संगीत असला व्हिडिओ करायला कोणीतरी आलं, त्याला भाऊजींनी हाकलून दिलं म्हणे. ‘भीक नाय मागायची.’ त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या आवाजात मजकूर सांगितला. शाळेतल्या जुन्या बाईंनी तो मला पाठवला, ‘हे तुमच्याच घरचं ना?’ म्हणून. पहिलंच वाक्य होतं, ‘माझी वैनी दहा वर्षं माझ्याशी खोटं बोलली, म्हणून मी हा फासा केला.’ लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. कुठल्या कुठल्या देशांतून पैसे आले. मुरबाडच्या बाजारात भाजीवाली मला विचारते, ‘ती वैनी तुमीच का?’ माझ्या बदनामीवर त्यांचे फासे निघाले! मी फोन केला, उचलला नाही. दिवाळीला फराळ पाठवला, डबा तसाच परत. मग मीही म्हटलं, गेलात उडत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची खोली आवरायला मी एकटी गेले. स्वप्नाली तिथं आधीच होती, लोकांना पाठवायचे राहिलेले फासे पिशव्यांत भरत खाली बसलेली. मी कोण ते सांगितलं. ‘हो, आवाजावरून वाटलं,’ ती म्हणाली. कोरडंच बोलली. मग कोणास ठाऊक काय मनात आलं, तिनं फोन काढला. ‘काका दर रविवारी फोनवर आमच्यात खेळायचे. फार वाईट खेळायचे. तीन वर्षांत एकदाही जिंकले नाहीत.’ आणि तिनं त्यांचा आवाज लावला… ‘आयला, परत एक! काय गो, हा हात हाय का फुटकं मडकं!’ आणि मग ते हसले. पोट धरून, खोकला लागेपर्यंत हसले. मी त्यांना दहा वर्षं हसवलं होतं ना, मला त्यांचं हसणं पाठ होतं. हे हसणं मी कधी ऐकलेलंच नव्हतं. मी तिथं रडले. रागानं रडले, दुसरं काय. मेल्या, एवढं हसता येत होतं तर एकदा मला फोन करून हसायचं होतंस. मी ऐकून घेतलं असतं.

स्वप्नालीनं घोंगडी घातलेलं ताट पुढं ओढलं आणि एक फासा माझ्या हातात दिला. ‘टाका.’

मी टाकला.

‘तीन,’ मी म्हटलं. खरंच तीन होते.

तिनं ताटाकडे हात नेला. ‘राग मानू नका, काकू. काकांनी नियम घालून दिलाय. दुसऱ्यानं सांगितलेला आकडा धरायचा नाही.’

राग आला. का येऊ नये? पण तिचं बोट चुकांवरून फिरून होईपर्यंत मी थांबले.