जावयाचं ताट

टोपी विनूभाऊनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर घातली. खांद्यावर कोरा टॉवेल टाकला. कपाळाला कुंकू लावलं. मग पितळी ताट माझ्या दोन्ही हातांत दिलं. त्यात तेहतीस अनारसे, मधे नारळ. आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"घ्या जावईबापू. धोंड्याचा मइना आहे. तुमच्या सासऱ्याले, म्हणजे सरकारले, काही याद राह्यली नाही. म्हटलं आपणच वाण देऊन टाकू."

जेवणाची सुट्टी होती. आठ-नऊ जण डबे उघडून बसले होते. सगळे हसले.

मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. मागून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल. आणि मी नुसता हसलो नाही. मी म्हणालो, "मंग सासूबाई कुठी आहेत, ओवाळायले?" त्या दुपारचा सगळ्यात मोठा हशा माझ्या या वाक्याला आला. विनूभाऊनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "याले म्हणतात खेळीमेळीचा माणूस." राठोडबाईंनी मोबाईलवर फोटो काढला. पाच मिनिटांत तो कचेरीच्या ग्रुपवर पडला.

पुसदच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावकचं टेबल सांभाळतो. येणारा कागद आवक, जाणारा कागद जावक. प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरला विषय लिहायचा. विनूभाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जुना. गावातल्या नावाजलेल्या घरातला. आजा वकील, बाप सरकारी नोकरीत. बोलण्यात हुशार, कोणाच्या घरी कार्य असलं की पुढे. साहेबसुद्धा त्याच्या टेबलाशी थांबून दोन गोष्टी ऐकून जायचे.

राखीव जागेवर लागलेल्याला पाठीमागे 'सरकारचा जावई' म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. म्हणजे कमवत नाही, नुसता पाहुणचार झोडतो. बाकीचे पाठीमागे म्हणतात. विनूभाऊ तोंडावर म्हणायचा, म्हणून तो दिलखुलास ठरला.

परीक्षेत मला किती गुण होते ते मी इथे सांगणार नाही. एकदा सांगायला लागलो की मी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. जागा माझ्या हक्काची होती. पुरे.

विनूभाऊ स्वतः अनुकंपावर लागला. नोकरीत असताना बाप गेला, त्या जागी मुलाला घेतलं. त्याला कोणी जावई म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही. बाप मेल्यावर मिळालेली नोकरी ही हसायची गोष्ट नाही. त्याच्या बाबतीत हे सगळ्यांना न सांगता कळतं, माझ्या बाबतीत का कळत नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

त्या दिवशीची एक गोष्ट राहिली. माझ्या ताटातला एकही अनारसा कोणी उचलला नाही. विनूभाऊनं बाकीच्यांसाठी वेगळा डबा आणला होता. मी ताट पुढे केलं तेव्हा तो म्हणाला, "नाही नाही, ते जावयाचं ताट आहे, त्यातलं आमी कसं खाणार?" पुन्हा हशा. मी दोन अनारसे खाल्ले. बाकीचे पिशवीत घालून घरी नेले आणि घराच्या अलीकडे गाईपुढे टाकले. बायकोला काय सांगणार होतो? आमच्या घरात धोंडा पाळत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सुटलं. माझ्या सासऱ्यानं मला जावई म्हणून कधी काही दिलं असेल तर कपाटभर पुस्तकं.

पुढच्या रविवारी वडील आले. ढाणकीहून. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते दाखवायला. वडील गवंडी. उभी हयात ढाणकी-उमरखेडात लोकांच्या भिंती बांधल्या. ऑपरेशननंतर त्यांना सगळं नव्यानं दिसत होतं, त्याचा आनंद लहान पोरासारखा होता. माझा मोबाईल हातात घेऊन एकेक फोटो बघत बसले. त्या फोटोवर थांबले.

"हा सत्कार कवा झाला तुहा? सांगतलं नाही."

आमच्या भागात सत्कार म्हटला की टॉवेल, टोपी, नारळ. फोटोत तिन्ही होती. कपाळाला टिळा होता. मागे कचेरीचा बोर्ड होता, माणसं होती. आणि मी हसत होतो.

मी म्हणालो, "झाला बाबा, मागच्या आठवड्यात."

एवढंच खोटं बोललो. खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही. जाताना त्यांनी बसस्टँडजवळच्या फोटोवाल्याकडून तो मोठा करून घेतला, काचेच्या फ्रेममध्ये. ढाणकीच्या घरात भिंतीवर आधीच दोन फोटो होते. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला. त्यांच्या खाली वडिलांनी स्वतः खिळा ठोकला आणि मला लटकवलं.

तीन वर्षं तो तिथे होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला वडील दाखवायचे. "लेकाचा हाफिसात सत्कार झालता." मी घरी गेलो की त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचो.

इकडे तीन वर्षं मी जावईबापू. फाईलला उशीर झाला तर, "सासुरवाडी आहे म्हणून काय झोपाच काढता?" नवीन माणूस बदलून आला तर, "हे आमचे जावईबापू, यायले जपून, रुसले की हुंडा मागतात." मी प्रत्येक वेळी हसलो. थोडं आधीच हसायला लागलो, म्हणजे लवकर संपेल. राठोडबाईंनाही टोमणे होते, तांड्यावरून. त्याही हसायच्या. आम्ही दोघं एकमेकांवरच्या विनोदाला हसायचो, हे आता लिहिताना माझीच मला शिसारी येते.

एकदा फुलसावंगीची एक म्हातारी दाखल्यासाठी आली. विनूभाऊनं तिला माझ्याकडे पाठवलं असणार. ती माझ्या टेबलाशी येऊन हात जोडून म्हणाली, "जावाईसायेब, माह्या अर्जाचं काय झालं जी?" तिला ते माझं आडनाव वाटलं. मागून खिदळणं ऐकू आलं. म्हातारी बावरून इकडेतिकडे बघायला लागली, आपलं काय चुकलं म्हणून. मी तिला तिचा क्रमांक सांगितला. तिचं काही चुकलं नव्हतं.

यंदा पुन्हा धोंडा आला. मागच्या वेळी भर पावसात आला होता, यंदा भर उन्हात. दुसऱ्या रविवारी मी ढाणकीला गेलो. वडील ओसरीत बसले होते, हाताला सिमेंट तसंच. शेजारच्या दुकानदाराचा ओटा फुटला होता, त्याचा गिलावा करून आले होते. मी पाणी प्यालो. मग ते उठले, मला आत घेऊन गेले, फोटोसमोर उभे राहिले.

"शेजारी जावाई आलता," ते म्हणाले. "मी ओट्यावर काम करून राह्यलो होतो. दार उघडंच होतं. त्याले टोपी घातली. टावेल देला. पितळी ताटात अनारसे देले. असंच ताट. असाच नारळ." त्यांनी फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. "हे तं जावयाचं ताट अस्ते ना बे? तुह्या हाती काहून?"

मी सांगितलं. सरकारचा जावई म्हणजे काय, ते सांगितलं. कोण म्हणतो, कधीपासून म्हणतो, सगळं सांगितलं. माझं ओवाळण्याचं वाक्यही सांगितलं. मला वाटलं चिडतील, शिव्या देतील, निदान डोळे पुसतील. त्यांनी फक्त फोटोतल्या माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"मंग तू हासला काहून?"

नोकरी करायची आहे, तिथेच दिवस काढायचे आहेत, एकटं पडायचं नाही, हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण ज्या माणसानं तीन वर्षं माझी थट्टा माझा सत्कार म्हणून गावाला दाखवली, त्याच्यापुढे हे बोलायला तोंड नव्हतं. आयुष्यात एवढी लाज मला कुठल्या विनूभाऊनं आणली नव्हती.

वडिलांनी फ्रेम खाली उतरवली. सिमेंटची बोटं काचेवर उमटली. "ने हे," म्हणाले. "इथं नको." मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली. उमरखेडला एस.टी. बदलली, पुसदला येईस्तोवर फ्रेम मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विनूभाऊनं डबा काढला. तेच ताट, तोच थाट. टोपी नवीन होती. "या जावईबापू, तीन साल झाले. दुसरा धोंडा."

तो टोपी घालायला आला तेव्हा मी त्याचा हात धरला. जोरानं नाही. धरला.

"विनूभाऊ, हा मजाक मले समजावून सांगा."

"यात समजाचं काय आहे?"

"सासरा कोण? मी कोणाचा जावई? काहून? सगळ्यायसमोर सांगा. नीट, पूर्ण वाक्यात."

कोणी हसलं नाही. त्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. समजावून सांगायचं तर जात बोलावी लागते, आणि ती त्याला बोलायची नव्हती. तीन वर्षं ती आमच्यात वाण म्हणून फिरत होती, तिचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडाला कुलूप लागलं.

मग म्हणाला, "आता काय अॅट्रॉसिटी लावता का मजाकीवर?"

तो शब्द मी काढला नव्हता. त्यानं काढला.

"आन् मागच्या धोंड्याले तं तुमीच हासत होते," तो म्हणाला. "फोटो आहे."

"आहे," मी म्हणालो. "माह्याजवळच आहे."

मी टेबलाशी येऊन बसलो, पिशवीतून फ्रेम काढून पुढ्यात ठेवली आणि अर्ज लिहिला. विषय, सहकाऱ्याकडून होणाऱ्या जातीवरील चेष्टेबाबत. त्याची वाक्यं त्याच्याच शब्दांत लिहिली, एक मात्रा बदलली नाही. वेगळ्या डब्याचं लिहिलं. म्हातारीचं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'सदर प्रसंगी मी स्वतः हसलो होतो व एक वाक्यही बोललो होतो. ती माझी चूक आहे. माझ्या हसण्याला माझी संमती समजू नये.' त्याखाली, 'सोबत: काचेच्या फ्रेममधील छायाचित्र, एक.'

स्वतःचा अर्ज स्वतःच आवक करून घेणारा कारकून मी आजवर पाहिला नव्हता. मी केला. शिक्का मारला, क्रमांक टाकला, रजिस्टरला विषय पूर्ण लिहिला. कचेरीत जे तोंडी असतं ते घडलेलंच नसतं. मी इतकी वर्षं लोकांना हेच सांगत आलो, "लेखी द्या." स्वतःला सांगायला मात्र इतका वेळ लागला.

साक्षीदार म्हणून सही करायला राठोडबाईंना विचारलं. त्यांनी मान खाली घातली. "मले यात ओढू नका भाऊ." मी वळलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "सही नाही करत. पण इचारलं तं खोटं नाही बोलत. फोटो मीच काढलता."

साहेबांनी संध्याकाळी बोलावलं. फ्रेम त्यांच्या टेबलावर होती, वडिलांच्या बोटांचे ठसे अजून काचेवर. साहेब बाहेरगावचे, गोड बोलणारे. "एवढ्याशा गोष्टीसाठी कागद कशाला? तोंडी सांगायचं. मी त्यांना समज देतो, तुम्ही हे मागे घ्या. स्टाफमधलं वातावरण बिघडतं."

"वातावरण चांगलं होतं तेव्हा ते माझ्या जिवावर चांगलं होतं, साहेब. आणि क्रमांक पडलाय. रजिस्टरला खाडाखोड चालत नाही, हे तुम्हीच शिकवलं."

साहेबांनी फ्रेम पालथी घातली. मी ती पुन्हा सुलटी केली आणि बाहेर आलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. निकाल काही नाही. चौकशी होईल म्हणतात, होणार नाही असंही म्हणतात. माझी बदली कुठल्या तरी कोपऱ्यात होणार, अशी कुजबुज आहे. दुपारी माझ्या टेबलाशी कोणी डबा आणत नाही. विनूभाऊ आता मला आडनावाला 'साहेब' लावून हाक मारतो, दात आवळून. तो पाया पडत आला असता तरी मी कागद मागे घेतला नसता. मला त्याची माफी नको. मला ते त्याच्या सेवापुस्तकात लिहिलेलं पाहिजे, त्याच्याच शब्दांत.

परवा वडिलांचा फोन आला. भिंतीतला तो खिळा उपटून भोक बुजवू का, असं विचारत होते. मी म्हणालो, राहू द्या. येणारे-जाणारे विचारतील, इथला फोटो कुठे गेला. त्यांना सांगा. सगळं सांगा. माझं हसणंही सांगा.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याजवळ आहे. बाबा, मी भीतीनं हसलो. ती भीती गेली असं मी म्हणत नाही. आजही कचेरीची पायरी चढताना ती सोबत असते. पण तिला आता हसू मिळणार नाही. तीन वर्षांनी धोंडा पुन्हा येईल. मी जिथे कुठे असेन, तिथे ताट घेऊन कोणी येईलच. मी खुर्चीवरून उठणार नाही. कागद पुढे सरकवीन आणि म्हणेन, लेखी द्या.